एवढी एक रात्र जाऊ द्या सर: संगणकावरच्या एका खेळाच्या बाजूने



'गेम' हा शब्द ऐकला की आपल्या कपाळावर आठी पडते. माझ्याही पडायची, आणि त्याला कारण होतं. मागच्या वर्षी आमच्या लासूर स्टेशन भागातल्या एका पालकांच्या खात्यातून तीन दिवसांत साडेचार हजार रुपये गेले. मुलाने मोबाईलवरच्या एका गेममध्ये बंदुका आणि कपडे विकत घेतले होते. कांद्याच्या पट्टीचे पैसे होते ते. पुढच्या पालकसभेत एकच सूर निघाला, "सर, शाळेतल्या कॉम्प्युटरवरचे पण सगळे गेम काढून टाका." मीही मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरसमोर बसलेल्या सहावीच्या दोन पोरांना मी उठवलं. त्यातला एक म्हणाला, "सर, एवढी एक रात्र जाऊ द्या, सकाळ झाली की आम्ही जिंकतो." भर दुपारी कसली रात्र आणि कसली सकाळ? मी रागावलो आणि कॉम्प्युटर बंद केला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. शाळा सुटल्यावर मी स्वतःच तो खेळ उघडून बसलो. हा लेख म्हणजे त्या मुलाची माफी मागणं आहे असं समजा.

खेळ आहे तरी काय?

खेळाचं नाव 'द बॅटल फॉर वेस्नॉथ'. डेव्हिड व्हाइट नावाच्या प्रोग्रामरने तो २००३ साली सुरू केला आणि तेव्हापासून जगभरातले स्वयंसेवक त्यात भर घालत आले. खेळ फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा प्रोग्राम कुणालाही उघडून पाहता येतो, बदलता येतो. एकदा कॉम्प्युटरवर घेतला की इंटरनेट लागत नाही. एकाच कॉम्प्युटरवर दोघं आळीपाळीने खेळू शकतात.

पट षटकोनी घरांचा, मधमाशीच्या पोळ्यासारखा. त्यावर सहा मुख्य गट एकमेकांशी लढतात: राजाशी एकनिष्ठ माणसं, जंगलातले एल्फ आणि त्यांचे साथीदार, उत्तरेकडचे ऑर्क, डोंगरातले बुटके ड्वार्फ आणि त्यांच्यासोबतचे लुटारू, आग ओकणारे ड्रेक, आणि सांगाडे-भुतांची फौज. आपण लहानपणी 'चांदोबा' वाचून जी दुनिया डोळ्यांसमोर आणायचो, तिचीच ही लांबची चुलत भावंडं.

महत्त्वाची गोष्ट अशी, की हा खेळ डावाडावाने चालतो. तुझा डाव संपला की माझा. घड्याळ डोक्यावर बसलेलं नाही. स्क्रीनवर बोटं आपटायची नाहीत. एक प्यादं हलवायच्या आधी पाच मिनिटं विचार केला तरी खेळ थांबून राहतो. सारीपाट आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत नवी नाही.

रात्र आणि सकाळ

आता त्या पोराच्या वाक्याचा अर्थ. खेळात वेळ सहा टप्प्यांनी फिरते: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचा पहिला प्रहर आणि दुसरा प्रहर. माणसांच्या फौजेची मारण्याची ताकद दिवसा २५ टक्क्यांनी वाढते आणि रात्री तेवढीच कमी होते. ऑर्क आणि सांगाड्यांचं बरोबर उलटं. समजा एका घावाची ताकद ८ आहे. माणसाचा तोच घाव दिवसा १० चा होतो आणि रात्री ६ चा. म्हणून शहाणा खेळाडू रात्री मागे सरकतो, आसऱ्याला उभा राहतो आणि उजाडलं की पुढे येतो. माझा विद्यार्थी तेच करत होता. जो मुलगा वहीत '८ चे २५ टक्के' काढताना पेन चावत बसतो, तो इथे मनातल्या मनात शेकडेवारी करून माघार घ्यायची की नाही ते ठरवत होता. आणि मी त्याला उठवलं.

जमिनीचंही तसंच. एल्फ जंगलात उभा असेल तर त्याच्यावरचा वार बहुतेक चुकतो. माणूस गावात किंवा किल्ल्यात असेल तर त्याला आसरा मिळतो, उघड्या पाण्यात उभा असेल तर त्याचं काही खरं नाही. गावं ताब्यात ठेवली तर दर फेरीला सोनं येतं, आणि जखमी सैनिक गावात थांबला तर थोडा बरा होतो. सरदार किल्ल्याच्या मुख्य घरात उभा असेल तरच नवी भरती करता येते, आणि तीही सोनं असेल तर. म्हणजे घरखर्चाचा हिशेब आलाच.

पालखेडचा डाव

हे सगळं परदेशी वाटत असेल तर जरा आपल्या शेजारी बघा. आमच्या लासूर स्टेशनचा तालुका गंगापूर, आणि शेजारचा तालुका वैजापूर. त्या वैजापूर तालुक्यात पालखेड आहे. फेब्रुवारी १७२८ मध्ये तिथे पहिल्या बाजीराव पेशव्यांनी निजाम-उल-मुल्कला कोंडीत पकडलं. बाजीराव तेव्हा २७ वर्षांचे, निजाम पन्नाशी ओलांडलेला, अनुभवी आणि मोठा तोफखाना बाळगणारा. समोरासमोर तोफांना भिडायचं बाजीरावांनी टाळलं. जालना भागात धडक दिली, बुऱ्हाणपूरची हूल दिली, गुजरातकडे गेले. निजाम पुण्याकडे वळला, तर त्यांनी औरंगाबादच्या दिशेने मोर्चा फिरवला. निजामाला मागे यावं लागलं. घाईत जड तोफा मागे राहिल्या, आणि पालखेडच्या परिसरात त्याचं पाणी आणि रसद तोडली गेली. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला आणि दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीवरचा छत्रपती शाहू महाराजांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. दुसऱ्या महायुद्धातले इंग्रज सेनापती माँटगोमेरी यांनीही युद्धाच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात या मोहिमेची वाखाणणी केली आहे.

मी वर्गात पालखेड शिकवताना सन आणि तह फळ्यावर लिहून द्यायचो. मुलं पाठ करायची, चाचणी झाली की विसरायची. यंदा मी फळ्यावर नकाशा काढला आणि विचारलं, "निजामाचा डाव झाला, तो पुण्याला गेला. आता डाव बाजीरावांचा. तुम्ही काय कराल?" निम्मी मुलं म्हणाली, पुण्याला जाऊन वाचवू. तो आमचा 'रात्र जाऊ द्या' वाला पोरगा म्हणाला, "सर, तिकडं तर त्याच्या तोफा आहेत. आपण त्याचं गाव धरू, मग तोच येईल." त्याने पालखेड कुठल्या पुस्तकातून पाठ केलं नव्हतं. त्याला डाव कळत होता.

"पण सर..."

आता तुमच्या शंका. मलाही त्या होत्या.

जादूटोण्याचं काय? २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि आपणच मुलांना जादूगार दाखवायचे? पण या खेळातली जादू नियमाने चालते. जादूगाराने आगीचा गोळा फेकला की समोरचा जंगलात असो की किल्ल्यात, नेम लागण्याची शक्यता ७० टक्के. मंत्र नाही, नवस नाही. तीन गोळे फेकले आणि तिन्ही चुकले की पोरं ओरडतात, "सर, कॉम्प्युटर चीटिंग करतो!" तेव्हा आम्ही डब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या, सातवर 'लागला' आणि तीनवर 'चुकला' लिहिलं. एक काढायची, वाचायची, परत डब्यात टाकायची, असं तीनदा. वर्गाने मिळून शंभर फेऱ्या केल्या. चार फेऱ्यांत तिन्ही वेळा 'चुकला' निघालं. गणिताने उत्तर हजारात २७ येतं, म्हणजे शंभरात साधारण तीन. वाईट दिवस येतो, त्यात कुणाची करणी नसते, हे मला भाषणापेक्षा त्या डब्याने सोपं शिकवता आलं.

पैशांचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये देशात ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून, पैसे जिंकण्यासाठी खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, आणि ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे नि शिकण्याचे खेळ त्याने वेगळे धरले आहेत. म्हणजे कायद्यानेही सगळे गेम एका मापाने मोजलेले नाहीत. पण आमच्या त्या पालकांचे पैसे गेले ते जुगारात नव्हे, गेममधल्या खरेदीत. अशा खरेदीवर लक्ष आपल्यालाच ठेवावं लागेल. मोबाईलचा पिन मुलांना सांगू नका, एवढं तरी आजच करा.

खेळात दोष नाहीतच असं मी म्हणणार नाही. डाव बिघडला की आधी जतन केलेल्या जागी परत जाता येतं, आणि मुलं दर वेळी तेच करू लागतात. मग हार पचवायची सवय लागणार कशी? म्हणून आमचा नियम, मागे जायचं नाही, हरलास तर हरलास. दुसरं, आमची मुलं तो इंग्रजीतून खेळतात, सुरुवातीला अडतात. आम्ही भिंतीवर शब्दांचा तक्ता लावला. तिसरं, डोळे आणि मैदान. आठवड्यात दोनच दिवस, पाऊण तास. कबड्डीच्या तासाला हात लावायचा नाही.

माझं मत

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये १९ व्या वर्षी महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. विचार करून खेळणाऱ्या मुलीचं आपल्याला कौतुक आहे. मग विचार करून खेळणारं पोरगं पडद्यासमोर बसलं की तेवढ्यानेच ते वाया गेलं असं का वाटतं?

माझं म्हणणं एवढंच की मुलाच्या हातातला गेम बंद करण्याआधी शेजारी बसून तीन गोष्टी विचारा. यात थांबून विचार करायला वेळ मिळतो का? हरलं तर कशामुळे हरलं ते कळतं का? आणि हा खेळ पैसे मागतो का? पहिल्या दोन्हींना 'हो' आणि तिसऱ्याला 'नाही' आलं तर जरा दम धरा. मी दहा मिनिटं शेजारी बसलो असतो तर त्या दिवशी त्याची सकाळ झाली असती.

पुढच्या पालकसभेत मी हेच बोललो. सगळ्यांना पटलं नाही. पण ज्यांचे कांद्याचे पैसे गेले होते ते पालक शेवटी थांबले आणि म्हणाले, "सर, मला पण दाखवा तो खेळ. पोरगं काय करतं ते बापाला कळायला नको?" मला वाटतं, सुरुवात तिथूनच होते.

वर्गासाठी (इयत्ता ६ वी, ७ वी)

१. एका सैनिकाच्या घावाची ताकद १२ आहे. दिवसा २५ टक्के वाढते, रात्री २५ टक्के घटते. दोन्ही वेळची ताकद काढा.
२. वहीत षटकोनी घरांचा पट काढा. त्यात नदी, जंगल, किल्ला आणि चार गावं दाखवा. कॉम्प्युटर नसला तरी फासे आणि बिया घेऊन दोघांत खेळा.
३. निजाम पुण्याकडे गेला तेव्हा बाजीराव थेट पुण्याला का गेले नाहीत? पाच-सहा ओळींत लिहा.
४. तुम्ही खेळात हरलात तेव्हा दोष कुणाला दिला? खरं लिहा.