शिळ्या पावातील पाणी

पाव वाळतो म्हणूनच शिळा होतो, हा समज सर्वत्र रूढ असला, तरी हवाबंद ठेवलेला पावही शिळा होतो आणि पुन्हा तापविला असता काही काळ मऊ पडतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसिंगो यांनी १८५२ मध्येच सप्रमाण दाखविले होते. मात्र आतील पाण्याची हालहवाल प्रत्यक्ष पाहण्याची सोय झाली ती चुंबकीय अनुनादामुळे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रके रेडिओलहरींनी क्षुब्ध केली, की मोकळ्या पाण्याचा संकेत बराच काळ रेंगाळतो, तर पिष्टाने व ग्लुटेनने जखडलेल्या पाण्याचा काही सहस्रांश सेकंदांतच मावळतो. या तफावतीवरून, पावावर सुरी न चालविता, कोणते पाणी कोठे व कितपत बंधनात आहे याचा नकाशाच हाती येतो. भट्टीतून निघताना खुसखुशीत व कोरडे असलेले कवच गाभ्यातील ओलावा हळूहळू ओढून चिवट होते, आणि गाभ्यातील पिष्ट पुन्हा स्फटिकरूप घेत कडक होत जाते. रुग्णालयाचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तंत्राला अन्नपरीक्षेत उपरे मानू नये. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले त्याचे पहिले चित्रही पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचेच होते. वाचकांनी घरी एवढे पाळावे: पाव शीतकपाटात ठेवू नये, कारण त्या थंडीत पिष्टाचे स्फटिकीकरण अधिकच वेगाने होते.