पट्टी वर्षातून एकदा, पेट्रोल रोज: बागायतदाराने कुठली गाडी घ्यावी?



हंगाम आटोपला, दलालाच्या पट्ट्या हातात आल्या की आपल्याकडे गाडीचा विषय निघतोच. मागची दोन-तीन वर्षं त्यात नवीन भर पडली आहे. पेट्रोलवरची मोठी एसयूव्ही घ्यायची की इलेक्ट्रिक? पारावर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथं जाल तिथं हाच वाद. आणि वाद घालणारे बहुतेक जण गाडीच्या दिसण्यावर बोलतात, नाहीतर मुंबईच्या भाच्याने काय सांगितलं त्यावर. हिशेब कोणी मांडत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याची गाडी रोज फिरते आणि ज्याला स्वतःच्या खळ्यात गाडी लावून स्वतःच्या मीटरवर चार्ज करता येते, त्या बागायतदाराने पेट्रोलची मोठी एसयूव्ही घेणं म्हणजे भोक पडलेल्या टाकीत पाणी भरणं. आणि ज्याची गाडी महिन्यातून चार वेळा बाहेर निघते, त्याने या दोन्हीच्या नादाला लागू नये. त्याला लहान पेट्रोल गाडी पुरते.

आता कारणं.

आपला पैसा कसा येतो ते आधी बघा

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, त्याला महिन्याचा खर्च झेपतो. आपलं तसं नाही. मोहोर आला, टिकला, थ्रिप्सने आणि तुडतुड्याने सोडला, अवकाळीने झोडपला नाही, तर मार्च ते मे माल निघणार आणि मग पट्टी. त्या एका पैशावर पुढच्या वर्षाची खतं, फवारणी, राखणदाराचा पगार, सोसायटीचं कर्ज, घरातलं लग्नकार्य, सगळं भागवायचं. म्हणजे आपल्याला एकरकमी खर्च एक वेळ जमतो, पण दर महिन्याला झिरपणारा खर्च मारतो. सप्टेंबर ते फेब्रुवारी हातात दमडी नसते आणि फवारण्या तेव्हाच असतात.

पेट्रोलची गाडी घेताना कमी पैसे मागते आणि नंतर रोज मागते. इलेक्ट्रिक घेताना जास्त मागते आणि नंतर गप्प बसते. आपल्या धंद्याला कुठली जुळते ते तुम्हीच सांगा. शोरूममधला पोरगा हा फरक सांगणार नाही. त्याला आंब्याचा हंगाम माहीत नाही, हप्ता माहीत आहे.

हिशेब मांडू

पेट्रोल आपल्याकडे १०५ रुपयांच्या आसपास धरा. मोठी गाडी, एसी चालू, आपले चढउतार, लिटरला १४ किमी मिळाले तरी खूप. म्हणजे किमीला साडेसात रुपये.

इलेक्ट्रिक गाडी घरच्या मीटरवरच्या एका युनिटला ६ किमी धरा. कंपनी जास्त सांगते, आपण कमीच धरू. सगळे आकार मिळून युनिट १२-१३ रुपयांना पडलं, तर किमीला साधारण दोन रुपये. वरच्या टप्प्यात गेलात तर अडीच. फरक किमीला ५ रुपये.

आता समजा दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत ३ लाखांचा फरक आहे.

महिना ५०० किमी: वर्षाला ३०,००० वाचतात. फरक फिटायला १० वर्षं.
महिना १,००० किमी: वर्षाला ६०,०००. पाच वर्षं.
महिना १,५०० किमी: वर्षाला ९०,०००. सव्वातीन वर्षं.

ऑइल, फिल्टर, क्लचचा खर्च वाचतो तो वेगळा. बॅटरीला बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची हमी देतात. म्हणजे रोज ५० किमी फिरणाऱ्याचा फरक हमीच्या निम्म्या काळातच वसूल होतो.

ऑन-रोड किंमत बघा असं मी मुद्दाम म्हणतो. शोरूमच्या किमतीवर जाऊ नका. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर आपल्या राज्यात १२ टक्के रोड टॅक्स बसतो, इलेक्ट्रिकला तो माफ आहे. उलट बाजूही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांवर आली. त्याहून मोठीला ४० टक्के. इलेक्ट्रिक आधीसारखीच ५ टक्क्यांवर. म्हणजे लहान पेट्रोल गाडी चांगलीच स्वस्त झाली. म्हणून म्हणतो, कमी फिरणाऱ्याने लहान पेट्रोल घ्यावी. लिटरला १४ देणारं धूड दारात उभं करून वर ४० टक्के कर भरणं, यात कुणाची शान आहे मला कळत नाही.

"पण मुंबईला कसं जायचं?"

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि तो वर्षातल्या चार फेऱ्यांचा आहे. बाकीचे तीनशे दिवस तुम्ही बागेत, बाजारात, बँकेत, दवाखान्यात, पोरांच्या कॉलेजला जाता. रत्नागिरी ते लांजा चाळीस किमी, राजापूर पासष्ट-सत्तर, चिपळूण नव्वद. जाऊन-येऊन होतं आणि बॅटरी उरते.

मुंबई साधारण ३३५ किमी. ४५ युनिटच्या बॅटरीच्या नेक्सॉनला कंपनीचा आकडा ४८९ किमी आहे. तो विसरा. एसी लावून, माणसं भरून ३०० धरा. म्हणजे वाटेत एकदा थांबायचं. फास्ट चार्जरवर पाऊण ते एक तास. पेट्रोलवालाही जेवायला थांबतोच ना?

गणपतीत चार्जरवर रांग लागते, हे खरं. एका ठिकाणी एक-दोनच गन असतात. पण त्या दिवसांत महामार्गावर पेट्रोलवालाही रांगेतच असतो, आणि त्याचं इंजिन उभ्या जागी पेट्रोल पितं. २०११ पासून ज्या रस्त्याचं चौपदरीकरण चाललंय, त्या रस्त्यावर कुठली गाडी वेळेवर पोचते हा वादच फुकट आहे. गणपतीला रेल्वेने जा.

रेल्वेवरून आठवलं. "आपल्या पावसात विजेची गाडी? शॉक लागेल," असं म्हणणारे अजून आहेत. रोह्यापासून ठोकूरपर्यंतची कोकण रेल्वे मार्च २०२२ पासून पूर्ण विजेची लाईन झाली. ह्याच पावसात, ह्याच दरडींच्या कडेने ती धावते. तिच्यात तुम्ही बिनधास्त झोपता की!

"पण वीज कुठे आहे?"

हा प्रश्न मात्र खरा आहे. आणि इथे इलेक्ट्रिकवाले खोटं बोलतात, म्हणून नीट लिहितो.

एक, लोड. आपल्या बऱ्याच घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅट. १६ अँपियरच्या पॉइंटवरचा चार्जर तासाला तीन युनिटच्या आसपास ओढतो. आधी लोड वाढवून घ्या. रोजच्या ६० किमीला १० युनिट लागतात, तीन-साडेतीन तासांत ते भरतात. रात्री भात शिजला, मिक्सर-गिझर बंद झाले की लावा. डीपीवर ताण कमी असतो तेव्हा व्होल्टेजही बरं मिळतं.

दोन, अर्थिंग. हे शहरातला माणूस तुम्हाला सांगणार नाही. आपलं घर जांभ्याच्या कातळावर. सड्यावरचा कातळ मार्च-एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा असतो, त्यात अर्थिंग लागत नाही. पंखा-टीव्ही तसाच चालतो म्हणून आपल्याला कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि नसेल तर लाल दिवा दाखवून बसून राहतो. माती असलेली, मोरीजवळची किंवा विहिरीच्या कडेची ओलसर जागा बघा, खोल खड्डा काढून कोळसा-मीठ घाला, नाहीतर केमिकल अर्थिंग करा. चार-पाच हजारांचं काम. हे घरातल्या माणसांच्या जिवासाठीही करायलाच हवं, गाडी घ्या नाहीतर नका घेऊ.

तीन, बिलाचे टप्पे. १००, ३०० आणि ५०० युनिट. पहिल्या शंभरानंतर दर जवळजवळ दुप्पट होतो. महिना १,५०० किमीला २५० युनिट जादा लागतात. "फुकटात चालते" म्हणणाऱ्याला त्याचं बिल दाखवायला सांगा.

चार, शेतीपंपाचं कनेक्शन. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीजबिल माफ आहे, म्हणून मांगरात गाडी लावायची आयडिया काही जण सांगतात. नका करू. एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हे २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये येतं आणि आकारणी दुप्पट दराने होते. एकाने केलं तरी उद्या सगळ्या शेतकऱ्यांच्या सवलतीवर बोट ठेवलं जाईल.

पाच, सोलर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे गाडीची बरीचशी गरज भागते. पण जून ते सप्टेंबर आपल्या ढगांत ते बरंच खाली येतं. आणि साधं ऑन-ग्रिड सोलर लाईन गेली की स्वतःही बंद होतं. वायरमन लाईनवर काम करत असेल तर त्याचा जीव जाऊ नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. "सोलर आहे, मला लाईनची गरज नाही," हा गैरसमज काढून टाका.

वादळ आणि पूर

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीत कित्येक वाड्या आठवड्यांमागून आठवडे अंधारात होत्या. अशा वेळी गाडी चार्ज कुठे करणार? मान्य. पण पुढचंही ऐका. नेक्सॉनसारख्या काही गाड्यांमधून वीज बाहेर काढता येते. ४५ युनिटची भरलेली बॅटरी म्हणजे दिवे, फ्रीज, मोबाइल मिळून दिवसाला तीन युनिट वापरणाऱ्या घराची दहा-बारा दिवसांची सोय. वादळाचा इशारा आला की बॅटरी फुल्ल करून ठेवायची. पेट्रोलच्या टाकीतून फ्रीज चालत नाही.

पुरात मात्र दोन्ही सारख्याच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात जे पाणी चढलं, त्यात कुठलीच गाडी वाचत नाही. बॅटरी पाण्यापासून सुरक्षित म्हणतात ती मीटरभर पाण्यात अर्धा तास, रात्रभर बुडून नव्हे. पेट्रोलवाल्याने बुडालेली गाडी चालू करून बघितली की इंजिन जातं, आणि साध्या विम्यात ते मिळत नाही. नदीकाठच्यांनी कुठलीही गाडी घ्या, इंजिनची किंवा बॅटरीची जादा विमा जोडणी विचारून घ्या.

टोलमाफी आणि विक्री

इलेक्ट्रिकला टोल माफ, हे फार ऐकवलं जातं. ऑगस्ट २०२५ पासूनची ती माफी अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर. तिन्हींपैकी एकही आपल्या जिल्ह्यात नाही. त्या आकड्यावर गाडी घेऊ नका. शिवाय जुन्या इलेक्ट्रिकला बाजारात अजून भाव कमी येतो. चार वर्षांनी गाडी बदलायची हौस असेल तर इलेक्ट्रिक तुमच्यासाठी नाही. आठ-दहा वर्षं वापरणाऱ्याची ती गाडी आहे.

शेवटचं, आणि हे जरा टोचेल

आपल्या जिल्ह्यात पेट्रोलवर आणि विजेवर जेवढं रामायण झालं, तेवढं क्वचितच कुठे झालं असेल. नाणार झालं, मग बारसूचा सडा. रिफायनरी हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, घराघरांत फूट पडली. मी इथे कुणाची बाजू घेत नाही. पण नको म्हणून मोर्चात गेलेल्याने आणि मोठी पेट्रोल गाडी दारात आणलेल्याने, दोघांनी एकदा एकमेकांच्या डोळ्यांत बघावं. बऱ्याचदा तो एकच माणूस असतो.

विजेचंही तसंच. कोयनेचं पाणी आपल्या पोफळी-कोळकेवाडीत पडून वीज होते. जयगडला कोळशावर १,२०० मेगावॅट. अंजनवेलला एन्रॉनने गाजवलेला प्रकल्प. जैतापूरची टांगती तलवार आहेच. वीज बनवण्यासाठी जमीन आपली, समुद्र आपला, धूर आपल्या मोहोरावर. आणि वळवाचा पहिला वारा सुटला की दिवे आपलेच जातात! मग आपण काय म्हणतो? "आपल्याकडे वीज टिकत नाही बाबा, पेट्रोलच बरं." असं म्हणून आपणच मागणी सोडून देतो. ज्या गावात पंधरा गाड्या चार्जिंगला लागतात, त्या गावाचा डीपी वाढवा म्हणून ग्रामसभेत ठराव करता येतो, लाईनवरच्या फांद्या मे महिन्यातच तोडा म्हणून मागे लागता येतं. मागणाराच नसेल तर लाईन कोण सुधारणार?

तेव्हा मंडळी, क्रम असा ठेवा. आधी तीन महिने डायरीत गाडीचे किमी लिहा, फवारणीची नोंद ठेवता तशी. महिना हजारच्या खाली असेल तर लहान पेट्रोल घ्या आणि उरलेला पैसा बागेत घाला. हजारच्या वर असेल तर वायरमनला बोलावून लोड आणि अर्थिंग तपासा. ते जमलं की मग इलेक्ट्रिकच्या शोरूममध्ये जा. पट्टीतली जास्तीत जास्त रक्कम एकदम भरा, हप्ता लहान ठेवा, कारण पुढच्या वर्षी मोहोर कसा येईल हे ना तुम्हाला माहीत ना बँकेला.

पेट्या वाहायला पिकअप भाड्याने मिळते. मुंबईला रेल्वे जाते. दारातली गाडी रोजच्या कामाची असते, तिचा हिशेबही रोजच्या कामाचाच असावा.