फ्लॅशबॅकचा जामीन

आधीच सांगतो, या लेखात 'बाजीगर' आणि 'बदलापूर' या दोन्ही सिनेमांचे शेवट उघड केले आहेत. एक १९९३चा, दुसरा २०१५चा. अजून पाहिले नसतील तर पाहून या, मग भांडू.

भांडण आहे ते 'बाजीगर'ला सुडाचा भारी सिनेमा म्हणणाऱ्यांशी. त्यात काही वर्षांपूर्वीचा मीही आलो. हॉस्टेलमध्ये लॅपटॉपवर मी तो निदान सहा वेळा पाहिला असेल. आजही त्याचे तुकडे रील्सवर फिरतात. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मरणारा शाहरुख दिसला की खाली रडक्या इमोजींची रांग लागते. मला एवढंच विचारायचंय, सीमासाठी कुणी एक तरी इमोजी टाकला का?

सीमा कोण हे आठवायला तुम्हाला दोन सेकंद लागले असतील, तर माझा निम्मा मुद्दा तिथेच सिद्ध झाला.

गोष्ट थोडक्यात अशी. अजय शर्मा हा मदन चोप्राच्या दोन्ही मुलींशी एकाच वेळी प्रेमाचं नाटक करतो. थोरल्या सीमाशी चोरून, आणि धाकट्या प्रियाशी उघडपणे, विकी मल्होत्रा या नावाने. लग्नाची नोंदणी करायची म्हणून तो सीमाला घेऊन जातो आणि उंच इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकतो. प्रेमाची परीक्षा म्हणून त्याने तिच्याकडून आधीच एक चिठ्ठी लिहून घेतलेली असते. तीच तिच्या आत्महत्येचा पुरावा ठरते. पुढे सीमाच्या ओळखीतला एक मुलगा मरतो, कारण त्याच्याकडे दोघांचा फोटो असतो. मग सीमाची मैत्रीण मरते आणि तिचं प्रेत सुटकेसमध्ये जातं. तीन खून. तिघांपैकी एकानेही अजयच्या घराचं काही वाकडं केलेलं नाही.

आता कारण. मदन चोप्राने अजयच्या वडिलांचा विश्वासघात करून त्यांची कंपनी बळकावली. कुटुंब रस्त्यावर आलं, वडील गेले, तान्ही बहीण गेली, आई भ्रमिष्ट झाली. सिनेमाच्या जगात हे सगळं खरंच घडलेलं आहे, आणि ते भयंकर आहे. माझी तक्रार त्या कारणाबद्दल नाही. ते गोष्टीत कुठे ठेवलंय, याबद्दल आहे.

आईची अवस्था आपल्याला आधीपासून माहीत असते. कसला तरी जुना हिशोब बाकी आहे, हेही कळत असतं. पण सगळी हकिगत सविस्तर कळते ती शेवटाकडे, प्रियासमोर सत्य आल्यावर. इथे पटकथेची चलाखी बघा. प्रिया इतका वेळ बहिणीच्या मृत्यूचा माग काढत असते. पोलीस इन्स्पेक्टर करणही तिच्यासोबत असतो (सिद्धार्थ रे, म्हणजे आपल्या 'अशी ही बनवाबनवी'तला शंतनू). बहिणीचा खुनी अखेर तिच्या समोर उभा आहे. आता ती विचारणार आणि तो उत्तर देणार, असं वाटतं. पण प्रश्न विचारणारी प्रिया एका क्षणात श्रोता होते. तो सांगतो आणि ती ऐकते. तिच्याबरोबर आपणही ऐकतो. फ्लॅशबॅक संपेपर्यंत खटल्यातला आरोपी फिर्यादी झालेला असतो.

त्यानंतर वाद घालायला वेळच दिलेला नाही. लगेच मदन चोप्राचे गुंड येतात आणि अजय मार खातो. तीन निरपराध माणसं मारणारा माणूस आपल्याला शेवटी दिसतो तो रक्तबंबाळ, आईसाठी तडफडणारा. थिएटरमधून बाहेर पडताना सर्वांत ताजं दुःख त्याचं असतं. सीमाचं दुःख दीड-दोन तास शिळं झालेलं असतं.

या सिनेमाचं मूळ ज्या कादंबरीत आहे, तिची बांधणी पाहिली की ही चलाखी आणखी ठळक दिसते. आयरा लेविनची 'अ किस बिफोर डाइंग' ही १९५३ची, त्याची पहिलीच कादंबरी. तिथेही श्रीमंत बापाच्या मुली आहेत, त्यांना जाळ्यात ओढणारा देखणा तरुण आहे, उंच इमारतीवरून ढकलणं आहे. पण तिथे तीन बहिणी आहेत आणि कादंबरीचे तीन भाग त्यांच्याच नावांचे आहेत: डोरोथी, एलेन, मॅरियन. पहिल्या भागात आपण सतत खुन्याबरोबर असतो, पण लेखक त्याचं नावच सांगत नाही, नुसता 'तो' म्हणतो. त्यामुळे दुसऱ्या भागात एलेनच्या भोवतीच्या तरुणांपैकी 'तो' कोण, हे तिच्याइतकंच आपल्यालाही माहीत नसतं. आपली भीती आपोआप एलेनच्या बाजूची होते. खुन्याचा हेतू काय, तर पैसा. सासऱ्याच्या तांब्याच्या उद्योगावर त्याचा डोळा आहे.

'बाजीगर'ने दोन मोठे बदल केले. तीन नावांचे भाग गेले आणि गोष्ट एका पुरुषाची झाली. हाव गेली आणि तिच्या जागी सूड आला. म्हणजे खून तेच ठेवले आणि त्यांना कारण तेवढं चांगलं मिळवून दिलं.

सलमान खानने मुलाखतीत एक किस्सा सांगितलाय. हा सिनेमा आधी त्याच्याकडे आला होता. त्याचे वडील सलीम खान यांनी सुचवलं की नायक इतका नकारात्मक आहे, तर त्याला एक आई द्या. तेव्हा ते मानलं गेलं नाही. सलमानने नकार दिला, सिनेमा शाहरुखकडे गेला आणि मग आई आली. ही झाली सलमानची बाजू. पण ऐकल्यावर मला हसू आलं, कारण आमच्या धंद्यात याला हॉटफिक्स म्हणतात. ग्राहक ओरडेल अशी एक गोष्ट सिस्टीममध्ये आहे, ती काढायची तर नाही, मग वरून एक ठिगळ लावा. 'बाजीगर'मधलं ठिगळ म्हणजे आई. 'बाजीगर'नंतर दीडेक महिन्यातच आलेल्या 'डर'मध्ये सुडाचं कारणच नव्हतं. किरणने राहुलचं काहीही बिघडवलेलं नाही. तरी ठिगळ आहेच: तो आपल्या मेलेल्या आईशी फोनवर बोलतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री सिस्टीम कोसळली की दुसऱ्या दिवशी आम्हाला एक अहवाल लिहावा लागतो. पोस्टमॉर्टेमच म्हणतात त्याला. त्यात मूळ कारणाचा रकाना असतो आणि तो भरायला सगळ्यांना आवडतं, कारण त्यात हुशारी दाखवता येते. पण आमच्या फॉर्ममध्ये त्याच्याही वर एक रकाना आहे: फटका कुणाला बसला, किती जणांना, किती वेळ. मूळ कारण कितीही पटण्यासारखं निघालं, तरी हा वरचा रकाना कुणी पुसत नाही. 'बाजीगर' हा मूळ कारण सुंदर अक्षरात लिहिलेला आणि वरचा रकाना कोरा सोडलेला अहवाल आहे.

'मग सुडाची गोष्ट सांगायचीच नाही का?' सांगा की. श्रीराम राघवनने सांगितली आहे.

मी राहतो बदलापूरला. आमच्या स्टेशनच्या नावाचा सिनेमा आला तेव्हा माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती. थिएटर हुकलं. नंतर लॅपटॉपवर पाहिला आणि आवडला नाही. हिरो जिंकलाच नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं. मत बरोबरच होतं. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला होता.

मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या कादंबरीवरून घेतलेल्या या सिनेमाची जाहिरातच बजावत होती, सुरुवात चुकवू नका. सुरुवात म्हणजे पुण्यातला एक साधा रस्ता, बँकेवर दरोडा, आणि पळणाऱ्या दरोडेखोरांनी पळवलेल्या गाडीत अडकलेली मिशा आणि तिचा लहान मुलगा. दोघंही मरतात. रघूवर काय कोसळलं, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. त्याची बाजू घ्यायला कुठल्याही फ्लॅशबॅकची गरज नाही. पहिल्या काही मिनिटांतच आपली सगळी सहानुभूती त्याच्या खात्यात जमा होते.

आणि मग सिनेमा ती एकेक करून खर्च करत जातो. लियाक तुरुंगात जातो, रघू बदलापूरला येऊन १५ वर्षं वाट पाहतो. दुसरा दरोडेखोर हरमन त्याला सापडतो, तोवर हरमनचं लग्न झालेलं असतं. त्याची बायको कांचन दरोड्याच्या आसपासही नव्हती. तरी रघू आधी तिचा अपमान करतो, नंतर दोघांना मारून टाकतो. पुढे कळतं की गोळी लियाकनेच झाडली होती. शेवटी कॅन्सरने मरायला टेकलेला लियाक रघूने केलेले खून स्वतःच्या अंगावर घेतो, आणि रघू मोकळा सुटतो. मोकळा सुटलेल्या त्या माणसाकडे बघवत नाही.

दोन्हीकडे माल तोच आहे. नायकावर अन्याय, वर्षानुवर्षं जपलेला ध्यास, निरपराध बाईचा खून. फरक क्रमाचा आहे. 'बाजीगर'मध्ये आधी खून, मग कारण. त्यामुळे कारण जामीन म्हणून वापरता येतं. 'बदलापूर'मध्ये आधी कारण, मग खून. त्यामुळे जामीन सुरुवातीलाच संपतो. पुढचं प्रत्येक कृत्य रघूला स्वतःच्या नावावर करावं लागतं, आणि त्याच्या बाजूने बसलेल्या आपल्यालाही.

'बदलापूर' निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मिशा जेमतेम काही मिनिटं दिसते. कांचनचा प्रसंग कॅमेरा नक्की कुणाच्या नजरेने पाहतोय, यावर वाद घालता येईल. बायका तिथेही दुसऱ्यांच्या हिशोबात खर्च होतात. पण तो हिशोब जुळला, असं सिनेमा म्हणत नाही. मला तो तेव्हा आवडला नाही तो यामुळेच.

'अरे, सिनेमा आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?' हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. त्याचं उत्तर हॉस्टेलमध्ये आहे.

थर्ड इयरला आमचा एक रूममेट एका ज्युनिअर मुलीच्या मागे लागला. ती एकदा नाही, तीनदा स्पष्ट नाही म्हणाली होती. तिने नंबर ब्लॉक केला की तो दुसऱ्या नंबरवरून मेसेज करायचा. त्यातला एक नंबर माझा होता. 'दोन मिनिटं फोन दे रे,' म्हणाला, मी दिला. कशासाठी, ते मला कळत होतं. बस स्टॉपवर उभं राहणं, लॅबबाहेर उभं राहणं, हे सगळं झालं. शेवटी तिने तक्रार केली आणि समितीने त्याला बोलावलं.

आम्ही तिघं रूममेट त्याच्या बाजूने बोलायला गेलो. आणि आम्ही काय केलं, तर फ्लॅशबॅक सांगितला. फर्स्ट इयरला त्याचे वडील गेले. आई शिलाईकाम करून फी भरते. हा रात्र-रात्र झोपत नाही. मुलगा वाईट नाही, सर. यातला शब्दन् शब्द खरा होता. सांगताना माझा आवाज कापला, तेही खरं होतं. त्याला ताकीद मिळाली. रात्री आम्ही चौघांनी बाहेर जाऊन अंडा भुर्जी खाल्ली.

त्या मुलीने प्रॅक्टिकलची बॅच बदलून घेतली. नंतर ती हॉस्टेल सोडून कुठे तरी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेली. हे आम्हाला उडत-उडत कळलं, आणि आम्ही 'चला, विषय संपला' म्हणालो. रूममेटच्या आईच्या शिलाई मशीनचा आवाज कसा येतो, हे मला आजही सांगता येईल, इतक्यांदा मी त्याच्या घरी गेलोय. तिच्याबद्दल मला आडनावापलीकडे काहीही माहीत नाही. तिचे वडील काय करायचे, तिची फी कुठून यायची, ती झोपायची का, हे समितीतही कुणी विचारलं नाही. आम्ही तर नाहीच नाही.

'बाजीगर' पाहून आम्ही असे झालो, असं मी म्हणणार नाही. सिनेमा पाहून कुणी गच्चीवरून ढकलत नाही. पण गोष्ट कशी सांगायची, कोणाच्या दुःखाला शेवटची जागा द्यायची, हे आपण कुठून तरी शिकतो. समितीसमोर आम्हाला कुणी पढवलं नव्हतं, तरी तिघांनीही तोच क्रम लावला. आधी 'चूक झाली', आणि मग लगेच, सविस्तर, वडील.

'कारण समजून घेणं म्हणजे समर्थन नव्हे' असं आता कुणी तरी म्हणेल. अगदी मान्य. मग कारण आधी सांगा आणि गुन्हा नंतर. तरीही सहानुभूती शिल्लक राहिली, तर ती प्रामाणिक. जी सहानुभूती मिळवायला कारण शेवटपर्यंत राखून ठेवावं लागतं आणि मेलेल्या मुलीला विसरायला दोन तास द्यावे लागतात, तिला मी समजून घेणं म्हणत नाही.

तुमच्या ग्रुपवरही कधी तरी एखाद्या मित्राचा फ्लॅशबॅक येईल. तो खरा असेल, ऐकून तुमचाही आवाज कापेल. पूर्ण ऐका. पण संपल्यावर लगेच उठू नका. एवढं विचारा: ती आता कुठे आहे, आणि तिच्याशी कुणी बोललंय का?

आम्ही विचारलं नाही. आम्ही भुर्जी खायला गेलो.