लांबचा ठिपका केवढा?



आज आधी एक छोटासा प्रयोग सांगते. रात्री घरातल्या मुलांना घेऊन गच्चीवर जा. एका टोकाला एक छोटी पांढरी बशी आणि तिच्या शेजारी पोळ्यांचा मोठा काळा तवा उभा करून ठेवा. मग दुसऱ्या टोकाला येऊन मोबाईलचा टॉर्च मारा. बशी पटकन दिसेल, तवा मात्र शोधावा लागेल. आता समजा, आकार दिसतच नाहीयेत, फक्त दोन ठिपके चमकताहेत. मग मोठं कोण, हे कसं ओळखाल?

सूर्यमालेच्या टोकाकडे बघणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे कित्येक वर्षं हाच प्रश्न होता. या प्रश्नाशी आपल्या लाडक्या प्लूटोचं नशीब जोडलेलं आहे.

उलटं गणित

आकाशातल्या वस्तूंची चमक ‘प्रत’ या आकड्यात मोजतात. इथे आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक. ध्रुवताऱ्याची प्रत साधारण २. काळ्याकुट्ट आकाशात नुसत्या डोळ्यांना साधारण ६ पर्यंतचं दिसतं. युरेनस ५.७ च्या आसपास, म्हणजे अगदी काठावर पास! नेपच्यून ७.८, त्याला दुर्बीण हवीच. प्लूटो १४ च्याही पुढे, माकेमाके १७, एरिस जवळजवळ १९ आणि सेडना २१ च्या आसपास. प्रतीत ५ चा फरक पडला, की चमक १०० पटींनी बदलते.

हे सगळे इतके अंधूक का? कारण यांच्याकडे स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा प्रकाश तिथे जाताना पसरत पसरत क्षीण होतो आणि परत आपल्याकडे येताना पुन्हा तेच होतं. त्यामुळे अंतर दुप्पट झालं, तर चमक १६ पटींनी घटते. तिप्पट झालं, तर ८१ पटींनी!

कक्षाही लांबुळक्या

आपली पृथ्वी सूर्याभोवती जवळपास गोल फिरते. या मंडळींचं तसं नाही. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर १ धरलं, तर प्लूटो ३० पासून ४९ पर्यंत जा-ये करतो. त्याची एक फेरी २४८ वर्षांची. सूर्याच्या सर्वांत जवळ असतो, त्यापेक्षा सर्वांत लांब असताना तो सुमारे ७ पट अंधूक दिसतो. १९७९ ते १९९९ या काळात तर तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता. एरिस ३८ ते ९८ या अंतरात फिरतो आणि एका फेरीला साडेपाचशेहून जास्त वर्षं घेतो. सेडनाची एक फेरी सुमारे ११ हजार वर्षांची!

प्लूटो लहान लहान होत गेला

१९३० साली अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ या २४ वर्षांच्या तरुणाने प्लूटो शोधला. सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंमध्ये एक बारीक ठिपका सरकलेला त्याला दिसला. हातात होता तो एवढा ठिपकाच. तो तव्यासारखा मोठा आणि काळपट आहे, की बशीसारखा छोटा आणि पांढरा, हे कळायला मार्ग नव्हता. सुरुवातीला प्लूटो पृथ्वीएवढा असेल असंही मानलं गेलं. १९७६ मध्ये त्याच्यावर मिथेनचा बर्फ सापडला. बर्फ म्हणजे चकचकीत, म्हणजे वस्तू छोटी. १९७८ मध्ये त्याचा चंद्र शेरॉन सापडला, त्यावरून वजनही कळलं. ते पृथ्वीच्या पाचशेव्या भागाएवढंच निघालं.

मग आला एरिस

२००५ मध्ये माइक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिस शोधला. तो प्लूटोपेक्षा कितीतरी लांब होता. एवढ्या लांबून एवढं चमकतोय म्हणजे तो प्लूटोपेक्षा मोठा असणार, असा हिशोब झाला. ‘दहावा ग्रह सापडला’ अशा बातम्या आल्या. मग प्रश्न पडला, ग्रह म्हणायचं तरी कुणाला? २४ ऑगस्ट २००६ ला खगोलशास्त्रज्ञांनी व्याख्या ठरवली. आपल्या कक्षेच्या परिसरात ज्याचं एकट्याचं वर्चस्व असेल, तोच ग्रह. प्लूटो आणि एरिस दोघेही बटुग्रह ठरले. माझ्या पिढीने नऊ ग्रह पाठ केले आणि लगेच एक खोडायला शिकलो.

खरी गंमत पुढेच आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये एरिस एका ताऱ्याच्या समोरून गेला. तारा किती सेकंद झाकला गेला, त्यावरून एरिसची रुंदी काढता आली. ती २३२६ किलोमीटर भरली. २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं आणि प्लूटो २३७७ किलोमीटरचा निघाला. म्हणजे आकाराने प्लूटोच थोडासा मोठा! वजनाने मात्र एरिस सव्वापट जड.

मग एरिस फसवा का ठरला? कारण तो स्वतःवर पडलेला सुमारे ९६ टक्के प्रकाश परत पाठवतो, अगदी ताज्या बर्फासारखा. शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की सूर्यापासून एवढ्या लांब गेल्यावर त्याचं विरळ वातावरणच गोठून जमिनीवर पांढरं होऊन बसलं असावं. म्हणजे त्याच्या कक्षेनेच त्याला चकचकीत केलं! २२५७ च्या सुमारास तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, तेव्हा हे बर्फ कदाचित पुन्हा वायू होईल. ते बघायला आपण नसू, पण कुणाची तरी पतवंडं असतीलच.

तर आज रात्री गच्चीवर जाच. मुलांनी ‘बशी मोठी’ म्हटलं, तर हसू नका. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. फक्त एवढंच विचारा, “जवळ जाऊन बघायचं का?”