विकलेल्या मालाची किल्ली

माल तोलून दिला, दाम घेतले, की विक्रेत्याचा त्यावरील हक्क संपला, हा आम्हां धान्यव्यापाऱ्यांचा जुना दंडक. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या जानेवारीत सामान्य ग्राहकांस विकावयास काढलेल्या विंडोज व्हिस्टा या संगणकप्रणालीत मात्र निराळाच बंदोबस्त होता. निर्मात्याची तशी अट असल्यास, व पडदा त्याच्या कुलुपास अनुकूल नसल्यास, रीतसर विकत घेतलेला चित्रपटही ती प्रणाली अस्पष्ट करी किंवा रोखून धरी. याचा भुर्दंड ग्राहकावर पडेल, असे न्यूझीलंडचे संशोधक पीटर गटमन यांनी २००६ सालीच बजावले होते.

चोरीपासून निर्मात्याचे रक्षण व्हावे, हे आम्हांसही मान्य आहे; परंतु चोराच्या भयाने सचोटीच्या गिऱ्हाइकाच्या कोठारास कुलूप ठोकणे हा व्यापारधर्म नव्हे. आता आमच्या खातेवह्याही संगणकातच असतात. तेव्हा किल्ली कोणाच्या हाती, हे सभासद बंधूंनी खरेदीपूर्वीच विचारावे.