टँकरचा कारभार कोठवर?

फाल्गुन सरत आला म्हणजे शहापूर व मुरबाड येथील कचेऱ्यांत एक काम नित्यनेमानें सुरू होतें. ग्रामपंचायतीचा अर्ज पंचायत समितीकडे जातो, तेथून तहशिलींत येतो, विहिरींची पाहणी होते, मंजुरी मिळते, आणि चैत्राच्या उन्हांत पहिला टँकर धूळ उडवीत पाड्याच्या रस्त्याला लागतो. या कामास सरकारी भाषेंत 'टंचाई निवारण' असें भारदस्त नांव आहे. निवारण झालेली टंचाई पुढच्या वर्षीं त्याच गांवीं, त्याच महिन्यांत परत येते. तरी त्या नांवाबद्दल कोणासच शंका येऊं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

हा प्रदेश कांहीं दुष्काळी मुलूख नव्हे. येथें दरसाल दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. मागाहून वैतरणेवर मोडकसागर झाला, भातसेवर मोठें धरण झालें, मध्य वैतरणा झाली. मुंबईस आज दररोज सुमारें ३८५ कोटी लिटर पाणी जातें, त्यांतील निम्म्याच्या सुमारास एकट्या भातसेचें. इकडे मुरबाडचीं गांवें बारवीच्या जलाशयाखालीं गेलीं, तें पाणी कारखान्यांस व कल्याणकडील शहरांस मिळतें. 'धरण उशाला, कोरड घशाला' हें वाक्य या तालुक्यांविषयीं इतके वेळां छापलें गेलें आहे कीं, आतां तें वाचून कोणाच्याही घशाला कोरड पडत नाहीं. तें खोटें नाहीं. परंतु त्यानें एक नुकसान केलें आहे. मुंबईस दोष देण्यांत आपण इतके गुंतलों कीं, तहशील कचेरी ते पाडा या वाटेवर काय बिघडलें आहे, तें पाहावयाचें राहून गेलें.

नळयोजना कशी मरते, तें पाहा. योजना मंजूर होते, विहीर खणली जाते, टाकी उभी राहते, उद्घाटनाचे हार वाळून जातात. दोन उन्हाळे पाणी येतें. तिसऱ्या उन्हाळ्यांत विहीर तळ गाठते, कारण काळ्या कातळांत पाणी टिकत नाहीं आणि विहिरीची जागा पुष्कळदां पाण्यापेक्षां सोयीकडे पाहून ठरलेली असते. रिकाम्या विहिरींत पंप चालून जळतो. तो दुरुस्त करावयास पैसे नाहींत, कारण पाणीपट्टी वसूल नाहीं. पाणीपट्टी वसूल नाहीं, कारण पाणी येत नाहीं. विजेचें बिल थकतें, जोडणी तुटते, आणि पाणी सोडणारा माणूस सहा महिने पगाराची वाट पाहून वीटभट्टीवर निघून जातो. एवढें झाल्यावर सरकार जागें होतें व टँकर पाठवितें.

यांतील मर्म असें कीं, टँकरचें बिल देण्याची सोय सरकारच्या अंदाजपत्रकांत ठरलेली आहे. पंपाचें बिल देण्याची मात्र अशी खात्रीची सोय नाहीं. आपत्ति आली कीं तिजोरी उघडते, आपत्ति येऊं नये म्हणून लागणाऱ्या अल्प खर्चाला ती बंद असते. मग ज्याला त्याला आपत्तीचीच संवय लागली तर दोष कोणास द्यावा?

सुधारणेचे कायदे झाले नाहींत असें नाहीं. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें ग्रामपंचायतींस सोंपवितां येतील अशा २९ विषयांत पिण्याचें पाणी घातलें. १९९६ चा पेसा कायदा शहापूर तालुक्यास व मुरबाडच्या कांहीं गांवांस लागू आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांप्रमाणें एखाद्या पाड्यासही आपली स्वतंत्र ग्रामसभा मिळूं शकते. २०१९ सालीं निघालेल्या जलजीवन योजनेनें २०२४ पर्यंत घरोघर नळ व माणशीं रोज ५५ लिटर पाणी देण्याचें ठरविलें. पुढें ती मुदत २०२८ पर्यंत वाढविली. कागदावर ग्रामसभा राणी आहे. पण या राणीच्या हातीं ना अभियंता, ना दुरुस्तीचा पैसा. जबाबदारी खालीं लोटली आणि अधिकाराची किल्ली वर ठेवली, तर त्यास विकेंद्रीकरण म्हणणें आमच्या जिवावर येतें.

यावर अधिकारी म्हणतात कीं, पंधराव्या वित्त आयोगानें पंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठींच बांधून दिला होता. गांवच पट्टी देत नाहीं, त्यास सरकार काय करणार? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. पट्टी बुडविणारे आहेत, आणि त्यांत पाड्यावरील मजुरांपेक्षां पक्क्या घरांतले पुष्कळ आहेत, हें आम्ही जाणतों. परंतु अनुदान लोकसंख्येच्या हिशेबानें येतें. डोंगरावर चार ठिकाणीं विखुरलेल्या पाड्यांस पाणी चढविण्याचा खर्च डोंगराच्या हिशेबानें होतो. शिवाय दिवाळीनंतर जें कुटुंब उचल घेऊन भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर जातें, त्यानें बारा महिन्यांची पट्टी कोणत्या पाण्याबद्दल द्यावी?

आमची सूचना नवी नाहीं, तिला सरकारच्याच कायद्याचा आधार आहे. ज्या जिल्ह्यांतून खनिज निघतें त्या जिल्ह्यांतील बाधित लोकांसाठीं, स्वामित्वधनाच्या प्रमाणांत खाणमालकांकडून एक रक्कम जिल्हा निधींत घेण्याची व्यवस्था २०१५ च्या दुरुस्तीनें झाली आहे. भातसेच्या पाण्याबद्दल मुंबई महानगरपालिका राज्य सरकारास मोबदला देते. त्याचा एक ठरीव अंश शहापूर-मुरबाडच्या पाणीनिधींत हक्कानें यावा, दानानें नव्हे; आणि तो नव्या टाक्या बांधण्यास नसून केवळ पंप, वीजबिल, पाणी सोडणाराचा पगार व दोन्ही तालुक्यांसाठीं पगारी यंत्रज्ञ यांसाठींच असावा. नव्या टाकीचें उद्घाटन करितां येतें, जुन्या पंपाच्या दुरुस्तीचें करितां येत नाहीं; म्हणून ही अट लेखी हवी.

येथें काळू धरणाचें स्मरण करून देणें अवश्य आहे. मुरबाडांत हें काम २०११ सालीं वनखात्याची परवानगी हातीं नसतां सुरू झालें आणि २०१२ सालीं उच्च न्यायालयास तें थांबवावें लागलें. यंत्रें आधीं व ग्रामसभा मागाहून, हा क्रम त्या वेळीं महागांत पडला. मुंबईकडच्या शहरांची तहान वाढतच जाणार, ही गोष्ट आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मागच्या धरणांचा हिशेब चुकता केल्यावांचून पुढच्या धरणासाठीं संमति मागावयास येणाऱ्यांनीं, निदान ज्या पाड्यावर बैठक भरवावयाची तेथें बैठकीच्या दिवशीं पाणी आहे कीं नाहीं, तें विचारून निघावें.

शहापूर व मुरबाडच्या व्यापारी बंधूंस एक शब्द. आपल्या पेढीवर नळ आहे म्हणून हा प्रश्न आपला नाहीं असें समजूं नये. ज्या बाईचा सारा सकाळचा वेळ हंड्यामागें जातो ती बाजारास येत नाहीं, आणि जें गांव माघांतच ओस पडतें तें लग्नसराईची खरेदी करीत नाहीं. पावसाळा सरतांच यंदाच्या टंचाई आराखड्याची तयारी सुरू होईल. त्यांत टँकरांच्या यादीशेजारीं बंद पडलेल्या प्रत्येक योजनेचें नांव, बंद पडल्याची तारीख, कारण व दुरुस्तीचा खर्च छापावा, आणि ती यादी दोन्ही तहशिलींच्या दारावर लावावी, अशी मागणी व्यापारी मंडळांनीं आपल्या सहीनें जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.