सह्याद्रीचा नकाशा कोणाचा?

नकाशा म्हणजे काय चीज असते, हे सीमाभागातील मराठी माणसाला कोणी शिकवावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कागदावर एक रेघ ओढली गेली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार येथील मराठी माणूस आपल्याच घरात परका झाला. घर तेच, शेत तेच, विहीर तीच. फिरली ती फक्त रेघ! रेघ ओढणाऱ्याने ते शेत कधी पाहिले नव्हते आणि शेतकऱ्याला ती रेघ आधी कोणी दाखविली नव्हती. तेव्हापासून आम्ही एकच न्याय मागत आलो आहोत. खेडे हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या पाहा, भौगोलिक सलगता पाहा आणि लोकेच्छा विचारा.

आज लिहावयाचे आहे ते मात्र दुसऱ्या एका नकाशाविषयी. तो आहे आपल्या सह्याद्रीचा. तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सहा राज्यांतून गेलेल्या या पर्वताच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने दोन समित्या नेमल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तिने सबंध पर्वताचे सुमारे ९ किलोमीटर लांबीरुंदीचे २,२०० चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनातील रान, उतार, पाणी व वन्यजीवन यांची माहिती गोळा केली आणि ती लोकांसाठी खुली असावी, अखेरच्या सीमा ग्रामसभांना विचारून ठरवाव्यात, असे स्वच्छ सांगितले. सरकारने काय केले? अहवालच दडवून ठेवला! माहितीच्या अधिकाराखाली अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला, त्याविरुद्ध मंत्रालय दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले आणि तेथे हरल्यावर मे २०१२ मध्ये अहवाल लोकांच्या दृष्टीस पडला. लोकांच्या पैशाने, लोकांच्या डोंगराविषयी जमविलेली माहिती लोकांनी न्यायालयातून सोडवून आणावी लागली. यापरता उफराटा कारभार कोणता?

मग कस्तुरीरंगन समिती आली. तिचा अहवाल एप्रिल २०१३ चा. गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचे क्षेत्र १,२९,०३७ चौरस किलोमीटर धरले होते, ते या समितीने १,६४,२८० धरले. डोंगर एक आणि मापे दोन! व्याख्या बदलली म्हणून माप बदलले, असे तज्ज्ञ सांगतील आणि ते खरेही असेल. परंतु ज्याच्या शेतावरून हे माप गेले, त्याला ती व्याख्या त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितली काय?

या दुसऱ्या समितीने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नैसर्गिक रान निराळे काढले आणि ज्या गावाचा २० टक्के वा अधिक भाग अशा संवेदनशील क्षेत्रात येतो, ते सबंध गाव यादीत घातले. म्हणजे खेडे हा घटक दिल्लीला मान्य आहे! सीमाप्रश्नात जो घटक अडचणीचा वाटतो, तो बंधने घालताना मात्र सोयीचा ठरतो. आपल्या गावाचा आकडा १९ आहे की २१, हे गावकऱ्याने कोठे पाहावे? यादीत गावाचे नाव असते. कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता तुकडा उपग्रहाने रान ठरविला, हे नसते. काजूची बाग वरून रानासारखी दिसते आणि पडीक माळही कधी राखीव गायरान असतो. हा भेद गावातल्या म्हाताऱ्याला ठाऊक असतो, उपग्रहाला नसतो.

मसुदे मात्र निघतच राहिले. २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४! शेवटचा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी. वायनाडचा डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर, कर्नाटकाचे २०,६६८ आणि गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. चंदगड त्यात आहे, सत्तरी आहे आणि आमचा खानापूर तालुकाही आहे. हरकतींसाठी मुदत ६० दिवसांची. भारताच्या राजपत्राची भाषा हिंदी आणि इंग्रजी. कणकुंबीच्या शेतकऱ्याने कोणत्या भाषेत वाचावे आणि कोणत्या भाषेत हरकत घ्यावी? जेथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व या देशाने केव्हाच मान्य केले आहे. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्लीच्या उच्च न्यायालयाने घटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत भाषांतर करण्यास सांगितले होते. मराठी त्या परिशिष्टात आहे, कोकणी आहे आणि कन्नडही आहे.

आमच्याविषयी गैरसमज नको. सह्याद्रीचे रक्षण झालेच पाहिजे. खाणी आणि दगडाच्या क्वारी यांना लगाम घालणारा कायदा आम्हाला हवा आहे. परंतु माहिती कोंडली की तिच्या जागी अफवा नांदू लागते. घरे जाणार, दुरुस्तीलाही बंदी येणार, अशी भीती गावोगाव पसरली. वास्तविक राहत्या जुन्या घरांच्या दुरुस्तीस वा विस्तारास मसुद्यात मनाई नाही! पण मसुदा वाचला कोणी? अफवेचा फायदा खाणवाल्याला झाला, तोटा डोंगराला आणि बदनामी मात्र गावकऱ्याची!

कोणी म्हणेल, माहिती तर इंटरनेटवर आहेच. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडींचे नकाशे आहेत, २०१७ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने आपले नकाशे उतरवून घेण्यास खुले केले, २०२१ मध्ये नकाशांवरील जुने निर्बंधही पुष्कळ सैल झाले. मान्य! परंतु यांतील एक तुकडा एका खात्याकडे, दुसरा दुसऱ्या राज्याकडे, तिसरा केवळ अभियंत्यालाच उलगडेल अशा स्वरूपात, आणि बहुतेक इंग्रजीत. ज्या घराला दार आहे पण पायऱ्या नाहीत, ते उघडे आहे असे कोण म्हणेल?

आणि डोंगर काय राज्याची हद्द पाहून वाहतो? हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते. आंबोलीचा पाऊस महाराष्ट्राच्या वहीत आणि संकेश्वरचा पूर कर्नाटकाच्या वहीत! एकाच खानापूर तालुक्यातून मलप्रभा पूर्वेला जाते, म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्ये लवादापुढे वर्षानुवर्षे भांडली. ऑगस्ट २०१८ मध्ये १३.४२ टीएमसी कर्नाटकाला, २४ गोव्याला आणि १.३३ महाराष्ट्राला, असा निवाडा झाला. पण ज्या गावांतून ही नदी निघते, त्या गावांसमोर रोजचा पाऊस व पाणी यांचे आकडे मांडण्याची गरज कोणाला वाटली? ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दीडशेवर माणसांसह दरडीखाली गेले, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. उताराची आणि पावसाची माहिती हा तेथे जिवाचा प्रश्न होता.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सह्याद्रीचे रान, उतार, पाऊस, पाणी, खाणपट्टे आणि संवेदनशील क्षेत्र यांची सर्व माहिती, गावनिहाय आणि सर्व्हे नंबरनिहाय, तिन्ही राज्यांसाठी एकाच मापाने, एकाच ठिकाणी इंटरनेटवर खुली करा. ती मराठीत द्या, कोकणीत द्या, कन्नडमध्ये द्या. कारण कन्नड शेतकऱ्यालाही इंग्रजी नकाशा तितकाच मुका आहे. मोबाईलवर उघडेल अशी द्या आणि ज्याच्या हाती मोबाईल नाही त्याच्यासाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. आणि चूक दाखविण्याचा अधिकार ग्रामसभेला द्या, तो नुसता ऐकून घेण्यापुरता नको, दुरुस्ती करण्यास बांधून घेणारा हवा.

सीमावासीयांनो, सत्तर वर्षे आपण जनगणनेचे आकडे हातात घेऊन न्याय मागत आहोत. गावागावाची लोकसंख्या आपण मांडू शकलो, याचे कारण ते आकडे छापलेले होते, खुले होते. उद्या डोंगराविषयी बोलावयाचे झाले, तर आपल्या हाती काय आहे? येत्या ग्रामसभेत ठराव करा: आमच्या गावाचा नकाशा आमच्या भाषेत आमच्यासमोर ठेवा, मगच आमची सही मागा. एकदा न पाहिलेल्या रेघेचे भोग आपण भोगतो आहोत. दुसरी रेघ न पाहता ओढू देणार नाही!